मागे सरकायला जागा

धान कापून झालं, शेतातल्या बांधीत कापलेल्या धानाच्या कडपा वाळायला पडल्या, की आमच्या गावात सकाळचं ऊन आडवं येतं. उन्हाळ्यात ते थेट डोक्यावर पडतं आणि पावसाळ्यात त्याचा भरवसा नसतो. या दिवसांत मात्र ते छपराच्या कवेलूंच्या पाखीखालून, गोठ्याच्या फटीतून वाकून आत शिरतं. उंच माणूस ठेंगण्या दारातून डोकं सांभाळत येतो, तसं. आज सकाळी सडा टाकताना ते माझ्या समोरच्या भिंतीवर आलं आणि मी बादली खाली ठेवून पाहत राहिले. दिवाळीआधी मीच ती भिंत मातीनं पोतली होती. हात जसा फिरला तसे अर्धगोल पट्टे उठून दिसत होते, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. थोड्या वेळानं ऊन वर चढलं आणि पट्टे गेले. भिंत पुन्हा नुसती भिंत झाली.

हे पाहायला मी एकाच हंगामात शिकले. त्या वर्षी आमचा जुना विहार पाडायचा होता.

मी फोटो काढते, हे दुसऱ्याला सांगायची मला अजून लाज वाटते. गावात कोणी म्हटलं, "फोटोवाली बाई आली," तर मी पदर सावरत दुसऱ्या गल्लीनं जाते. लहानपणापासून माझं असंच आहे. चार माणसं बसली की मी खांबामागे. लग्नातल्या फोटोत मी शोधावी लागते. कुठं नुसता खांदा असतो, कुठं दुसऱ्या बाईच्या कानामागून एक डोळा. माझी मुलगी करुणा नागपूरला नर्सिंग शिकते. ती म्हणते, "आई, तुह्या सगळ्या फोटोचे तुकडे जोडले तं एक आई पुरी होईल."

आमचं गाव नवेगाव बांधपासून जवळ आहे. तलाव पाहायला आणि पुढं नागझिऱ्याला जायला लोक येतात. त्यांना गावातल्या घरात ठेवायचं, आपल्या हातचं जेवू घालायचं, असं आमच्या बचत गटानं ठरवलं. त्यासाठी गावाचे, घरांचे, तलावाचे चांगले फोटो हवे होते. गोंदियाहून प्रणाली नावाची, हिंदी-मराठी मिसळून बोलणारी एक मुलगी शिकवायला येणार होती. गटातून कोणाला पाठवायचं, तर करुणानं नवा फोन घेतल्यावर जुना माझ्याजवळ ठेवला होता आणि त्याचा कॅमेरा चांगला होता. म्हणजे निवड फोनची झाली. फोनबरोबर मी गेले.

पहिल्या दिवशी प्रणालीताईनं माझ्या फोनच्या काचेवर उभ्या-आडव्या रेघा आणून दिल्या. मला वाटलं काच फुटली. करुणाला काय सांगू, असं झालं. ताई हसली नाही. म्हणाली, "ताई, ये रेघा फोटोत येत नाहीत. ह्या फक्त तुमच्यासाठी आहेत." मला ते फार आवडलं. फक्त माझ्यासाठी असलेलं आणि दुसऱ्याला न दिसणारं असं काही माझ्याजवळ फारसं नव्हतं.

मग आम्ही तलावाच्या पाळीवर गेलो. थंडी नुकती सुरू झाली होती, पाण्यावरून धुकं उठत होतं आणि दूर कुठंतरी पाखरांचा कलकलाट होता, पाखरं दिसत नव्हती. मी फोटो काढला आणि ताईला दाखवला. तिनं मान तिरपी केली. "ताई, तालाब का पानी गिर रहा है. सांभाळा." खरंच माझा तलाव एका बाजूला कलला होता, परातीतलं पाणी सांडावं तसा. पलीकडचा काठ आडव्या रेघेवर बसवायचा, मग पाणी जागेवर राहतं. मी तो दिवसभर बसवत राहिले. घरी आल्यावर भाकरी थापतानाही मला तव्याची कड सरळ हवी वाटू लागली.

नुसतं पाणी काढलं की ते पाण्यासारखं दिसत नाही, हेही तिथंच कळलं. समोर काही तरी लागतं. मी मासे धरणाऱ्या ढिवरांचा एक लाकडी डोंगा समोर घेतला, काठाला बांधून ठेवलेला, आत साचलेल्या पाण्यात एक पान. मग त्याच्या मागचा तलाव केवढा मोठा आहे ते दिसलं. काच पदरानं पुसायची, बोट दाबण्याआधी श्वास सोडायचा, आणि मोठं दिसावं म्हणून बोटांनी ताणायचं नाही. पायांनी जवळ जायचं, नाहीतर पायांनी मागे यायचं.

मागे यायचं. प्रणालीताई हे सारखं म्हणायची. घराचा फोटो काढताना तर फारच. आपण भिंतीजवळ उभं राहून फोन वर उचलतो, तेव्हा भिंती मागे कलतात, घर पाठीवर पडल्यासारखं दिसतं. फोन सरळ धरायचा आणि घर पूर्ण मावेपर्यंत मागे सरकायचं. "और पीछे, ताई. और पीछे." इतर बायकांना ते जड गेलं. मला नाही. जन्मभर मी मागेच सरकत आले होते. आई म्हणायची पुढं हो, सासू म्हणायची पुढं बस, मुलगी म्हणायची पुढं येऊन बोल. मागे सरकणं बरोबर आहे असं सांगणारी ती पहिलीच भेटली. मी मागे सरकत गेले आणि काचेवर समोरचं घर हळूहळू उभं राहिलं. छप्पर, तुळशीचं वृंदावन, पेंढ्यांचा ढीग, सगळं आपापल्या जागी.

विहाराबद्दल लिहिताना हात जरा थांबतो, पण दुःख म्हणून नाही. तो पाडायला हवाच होता. वाळवीनं छपराच्या लाकडी मयाली पोखरल्या होत्या, पावसाळ्यात वंदना चालू असताना बुद्धमूर्तीवर छत्री धरावी लागे. नवा बांधायचा म्हटल्यावर मीही हात वर केला होता, मागच्या ओळीतून. तरी तो विहार आमच्या मोठ्या लोकांनी दीक्षेनंतर स्वतःच्या हातानं उभा केला होता. पुरुषांनी विटा पाडल्या, बायकांनी भिंती लिंपल्या. वर कवेलू, भिंतींना चुना, खाली निळा पट्टा, समोर दोन लाकडी खांब आणि घासून मऊ झालेल्या पायऱ्या.

त्या पायऱ्यांशी माझं वेगळं नातं होतं. माझ्या माहेरी शाळा चौथीपर्यंतच होती. पुढच्या शाळेसाठी नाला ओलांडून जावं लागे. भावाला नाला ओलांडू दिला, मला नाही. लग्न होऊन इथं आले तर विहारात पुस्तकांचं एक कपाट होतं. झाडलोट माझ्याकडे आली. झाडून झालं की मी पायरीवर बसून वाचायची, बोट ठेवून, ओठ हलवत. कोणी आलं की पुस्तक पदराखाली. माझ्या हातून आज ज्या ओळी उतरतात, त्या पायरीवर बसूनच मला येऊ लागल्या. म्हणून त्याचा एक फोटो राहावा असं मला वाटत होतं. वाटत होतं, पण मी कोणाला म्हटलं नव्हतं.

म्हटलं ते नामदेवकाकांनी. विहार समितीचं सगळं तेच पाहतात. आवाज मोठा, मन साफ. ते म्हणाले, पाडू, पण नव्या विहारात जुन्याचा फोटो लावू, नाहीतर उद्याची पोरं विचारतील आधी कसा होता आणि आपण नुसते हात हवेत फिरवून दाखवू. मग त्यांनी घरोघरी फोटो शोधले. पेट्या उघडल्या, अल्बम निघाले. जयंतीचे फोटो होते, लग्नांचे होते, नामकरणाचे होते. सगळे विहारासमोर काढलेले. आणि एकातही विहार नव्हता. माणसं होती. ओळीनं उभी, खांद्याला खांदा लावून, पायऱ्या भरून, खांब झाकून. वर थोडी कवेलू, बाजूला भिंतीची चिंधी. इतक्या वर्षांत विहाराचा फोटो कोणीच काढला नव्हता. आमच्याकडे माणसाशिवाय फोटो म्हणजे वाया गेलेला फोटो. घराचा काढायचा म्हटलं तरी घरचे सगळे पुढं येऊन उभे राहतात आणि घर त्यांच्या मागे दडतं.

काकांनी मग लग्नाचे फोटो काढणारा माणूस बोलावला. तो मोठा कॅमेरा घेऊन आला. आल्याबरोबर सवयीनं हात हलवत म्हणाला, चला, सगळे पायऱ्यांवर या. आणि सगळे आले. धुतलेले पांढरे कपडे घालून अख्खी वस्ती आली. मीही गेले, खांबामागे उभी राहिले. फोटो छापून आला तेव्हा काकांनी तो हातात धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "साजरा आला. पण विहार कोठी हाये?" तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. कापणी संपून मजूर मोकळे झाले होते, पाडायला सोमवार ठरला होता, आणि मधे थोडेच दिवस होते.

काका माझ्या दारात आले. मी चुलीपाशी होते. यांनी, म्हणजे करुणाच्या बाबांनी, खाट टाकली. काका बसले नाहीत. तिथूनच म्हणाले, "सुनबाई, तू शिकून राहिली ना फोटोचं? माणसाबिगर काढणं येते तं तुलेच येत असंल. बाकी साऱ्याइले तोंडंच पाहिजेत."

मी मान हलवली. नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. दुपारी अशासाठी, की तेव्हा रस्त्यावर कोणी नसतं. आमच्या विहारापुढं एक अरुंद गल्ली आहे, एक बैलगाडी जाईल एवढी. पलीकडे कमरेएवढं काटेरी कुंपण. मी कुंपणाला पाठ लावून उभी राहिले तरी विहार मावेना. फोन उचलला तर भिंती मागे गेल्या. बाजूनं काढला तर विजेचा खांब मधोमध. आणि दुपारच्या उन्हात चुन्याची भिंत अशी पांढरी झाली, की तिच्यात काहीच उरलं नाही. दार म्हणजे एक काळा चौकोन, भिंत म्हणजे कोरा कागद. एवढ्यात काही पोरं आली आणि पायऱ्यांवर उभी राहून दोन बोटं दाखवू लागली.

संध्याकाळी काकांनी तो फोटो पाहिला. "अवं, हा तं आताच पडून राहिला. सोमवारची वाट कायले पाहायची?" यांना हसू आवरेना. मीही हसले, पण त्या दिवशी भात गिळवला नाही.

प्रणालीताईला फोन केला. तिला गल्ली सांगितली. ती म्हणाली, भिंतीचं काम सकाळच्या तिरप्या उन्हात करायचं, काचेवर दिसणाऱ्या पांढऱ्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढायचा, हे सगळं होईल. पण आधी जागा पाहिजे. "पीछे क्या है, ताई? कुंपणाच्या मागे?"

कुंपणाच्या मागे खळं होतं.

ते खळं फुलवंतामामींचं. त्यांची धानाची शेती मोठी. त्यांची वस्ती आणि आमची वस्ती यांच्या मधे ती गल्ली तेवढी. त्यांच्या बांधीत रोवणीला आणि कापणीला आम्ही बायका पिढ्यान् पिढ्या जात आलो. धान आमच्या हातानं कापलेलं, भारे आमच्या डोक्यावरून आलेले. पण ते फाटकाशी उतरवायचे. तिथून पुढं घरचे लोक नेत. आणि चुरणं, म्हणजे मळणी, होऊन धानाची रास लागली, की ती मोजेपर्यंत परक्यानं खळ्यात पाय टाकायचा नाही, अशी त्या घरची रीत होती. ती सगळ्या परक्यांसाठी होती की आमच्यासाठी जरा जास्त होती, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही. त्यांच्यापैकी कोणी सांगितलंही नाही. भारा उतरवायचा, कमरेवरचा पदर झटकायचा आणि फाटकापासून वळायचं. वळताना मी कधी आत पाहिलंही नव्हतं.

आणि त्या दिवसांत रास होती. पोत्यांचा बारदाना आला नव्हता, म्हणून मोजणी अडली होती. गल्लीतूनही तिचा पिवळा माथा कुंपणावर दिसत होता. सोमवारपर्यंत ती हलणार नव्हती.

मी यांना म्हटलं, तुम्ही विचारा. हे म्हणाले, मी काय विचारू, मला फोटोतलं काय कळतं. मग जरा थांबून म्हणाले, "तिनं नाही म्हटलं तं तुले घरी यायलेच लागंल ना? घर कुठं पळून नाही राहिलं." ह्यांचा धीर देण्याचा प्रकार असाच असतो. पण नाही म्हटलं तरी रात्रभर ते वाक्य माझ्यासोबत राहिलं.

एक गोष्ट तेव्हा फार स्पष्ट कळली होती, आजही कळते. मागे सरकणं मला येत होतं. जन्मभर जमलेली तेवढीच एक गोष्ट. पण इथं मागे सरकायला जागा हवी, तर आधी पुढं जावं लागत होतं. एका फाटकापर्यंत, एका बाईच्या तोंडासमोर, आणि तोंड उघडून काही मागावं लागत होतं.

रविवारी सकाळी मी गेले. धुकं होतं. चपला गल्लीतच काढल्या, त्याही विहाराच्या बाजूला. फाटकाशी उभी राहिले. मामी खळ्यात होत्या, सूप घेऊन मागे राहिलेलं पाखडत होत्या. पाखडण्याचा तो आवाज, एक लय, मधेच एक थाप. मी किती वेळ तशी उभी होते ते माहीत नाही. ओठावर शब्द जुळवत होते, पायरीवर बसून जुळवायची तसे.

मामींनी मान वर न करता विचारलं, "कोण हाये? भीक मांगणारी असंल तं आवाज दे, पाहुणी असंल तं आत ये. अशी मुकी काऊन उभी?"

मी नाव सांगितलं. विहाराचा फोटो, म्हणाले. उद्या पाडून राहिले, म्हणाले. गल्लीतून मावत नाही, म्हणाले. सगळं उलटंसुलटं. मग जे खरं होतं ते म्हटलं.

"पण रास हाये ना, मामी."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि राशीकडे वळून पाहिलं, जणू ती तिथं आहे हे त्यांना आताच कळलं.

"रासच हाये. वाघ नाही बसला. ये."

मला फाटक ढकलावं लागलं नाही. ते नीट लावलेलंच नव्हतं. मी आत पाय टाकला. सारवलेलं खळं थंडगार होतं, त्यावर सांडलेलं धान तळपायाला टोचत होतं. मामी म्हणाल्या, "ते रीत माह्या सासऱ्याची होती. बुढा मोजताना बोलूही नाही देत जाय, शिंक आली तं हात दाबून बाहेर पळा लागे. आता माहा पोरगा मोबाइलवर बोलतबोलत मोजते. तू कोठी उभी राहतं ते सांग."

मी राशीच्या कडेनं मागे जाऊ लागले. फोन छातीशी सरळ. आणि मागे जाता जाता विहार उभा राहू लागला. आधी पायऱ्या सुटल्या, मग खांब, मग दोन्ही बाजूंच्या भिंती, मग कवेलूंची पूर्ण उतरण, शेवटी वरचं आकाश. भिंती सरळ. विजेचा खांब बाजूला गेला. रास समोर आली, काठावरच्या डोंग्यासारखी. मी इतकी वर्षं त्या विहारात झाडू मारला, बसले, वाचलं, रडलेही असेन. पण तो बाहेरून सबंध असा कधी पाहिलाच नव्हता. तो लहान होता. नीटनेटका होता. थोडा डावीकडे झुकलेला होता, वय झालेल्या माणसासारखा.

मी बोट दाबणार, तेवढ्यात मामी बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "थांब. ऊन अजून वरच हाये. पायरीवर उतरू दे. मंग साजरं दिसते."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही सारे तं आत जाऊन बसता," त्या म्हणाल्या. "हे उभं कसं हाये, ते मलेच ठाऊक. लग्न होऊन आली तवापासून पाखडून राहिली मी इथी. दुसरं पाहू तरी काय?"

आम्ही थांबलो.  मामींची कोंबडी पिलं घेऊन राशीभोवती फिरत होती, मामी तिला सुपानं हाकलत होत्या. ऊन कवेलूंवरून खाली आलं. चुन्याच्या भिंतीवर आलं, आणि आडवं असल्यामुळे भिंतीवरचे हात दिसू लागले. लिंपणाऱ्या बायकांच्या हातांचे पट्टे, वर जिथं हात पुरत नव्हता तिथं आखूड, खाली लांब. कोणाचे कोणते, आता सांगणारं कोणी नाही. मी पांढऱ्यावर बोट ठेवून उजेड जरा खाली ओढला. पट्टे आणखी उठले. निळा पट्टा उजळला. मग ऊन पायरीवर उतरलं.

"आता," मामी म्हणाल्या.

मी श्वास सोडला आणि बोट दाबलं.

त्यानंतर मला काय झालं कोण जाणे, मी तिथंच राशीजवळ खाली बसले.  मामींनी आतून चहा मागवला. मला वाटलं होतं की फोटो नीट आला म्हणून मला बरं वाटेल. बरं वाटलंच. पण त्याच्याही खाली आणखी एक गाठ सुटली होती, जी मी बांधलेली नव्हती आणि माझ्यापर्यंत नुसती चालत आली होती. मामींनी त्यांच्या घरातल्याच कपात चहा दिला. मी तो फुंकून फुंकून प्यायले, लवकर संपू नये म्हणून.

सोमवारी विहार पाडला. आधी कवेलू उतरवली, मग मयाली, मग भिंती. बायका डोळ्याला पदर लावत होत्या. मी लावला नाही. मी पुढं उभी राहून पाहिलं, खांबामागे जायला खांबही उरला नव्हता. भिंत पडताना धूळ उठली, आणि माझं मन जागेवर राहिलं. तो माझ्याजवळ होता, सबंध, सरळ, सकाळच्या उन्हात.

काकांनी फोटो मोठा करून आणला तेव्हा पहिली गोष्ट त्यांनी पाहिली ती मी पाहिलीच नव्हती. पायरीवर, ऊन पडलेल्या जागी, मामींची कोंबडी बसली होती. आम्ही दोघी उन्हाकडे पाहत असताना ती केव्हा कुंपणातून निघून गल्ली ओलांडून गेली ते कळलं नाही.

"माणसाबिगर सांगतला तं कोंबडी आणली," काका म्हणाले. छापणारा म्हणाला होता, कॉम्प्युटरवर ती पुसून देतो.  काकांनी फोटो जरा लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग म्हणाले, "असू दे. रोजच तं बसे तेथी."

नव्या विहाराचं उद्घाटन झालं त्या दिवशी गल्लीपलीकडचे लोकही आले. मामी आल्या. मी या गावात आल्यापासून त्यांनी विहारात पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात जोडले, आणि मग आमचे लोक ज्या फोटोपुढं गर्दी करून उभे होते, तिथं गेल्या. लोक त्यात स्वतःला शोधत होते आणि सापडत नव्हते. मामींनी मागून मान उंच करून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ते कोंबडी माही हाये."

इतकं हसू मी विहारात कधी ऐकलं नव्हतं. काकांनी त्यांना हात धरून पुढं नेलं.

आता पाहुणे येतात, गटाची खोली भरते. मी तलावाचे फोटो काढते, घरांचे काढते, धुक्यातल्या पाळीचे काढते. पाणी सांडत नाही. करुणा म्हणते, आई, तुझं नाव खाली लिही. मी लिहीत नाही. पण हल्ली कोणी फोटो काढायला उभं केलं, तर मी खांबामागे जात नाही. कडेला उभी राहते, पण सबंध.

आज सकाळी भिंतीवरचे पट्टे पाहिले आणि बादली तशीच टाकून मी गल्लीत गेले. खळ्यात रास लागली आहे. नवा विहार सकाळच्या उन्हात त्या जागेवरून कसा दिसतो ते पाहायचं होतं, घुमटावर ऊन आधी कुठं येतं ते. फाटक ढकललं, राशीच्या कडेनं मागे मागे गेले आणि फोन उचलला.

"अवं माय," मागून मामींचा आवाज आला, "फोटोवाली झाली म्हणून काय राशीपाशी चपला घालून येशीन?"

मी खाली पाहिलं. चपला पायात होत्या. काढायच्या राहिल्या होत्या. मला आठवलंच नव्हतं.

मामी घरच्या सुनेला बोलतात तशा बोलत राहिल्या, शेणानं सारवलं कोणी, झाडलं कोणी, तुले काय. मी हसू दाबत फाटकाकडे पळाले, चपला बाहेर भिरकावल्या आणि परत आले. तळपायाला धान टोचलं. ऊन तोवर पायरीवर उतरलं होतं.